आधी उजेड बघा, मग लव्हेंडर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेडरूमच्या भिंतींबद्दल लिहिताना लव्हेंडर वॉलपेपरचा जाता जाता उल्लेख काय केला, तेव्हापासून त्याच रंगाच्या प्रश्नांची रांग लागलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली, फक्त गाव ठेवलंय. आणि कुठल्या कंपनीचा घेऊ, कुठल्या दुकानातून घेऊ असं विचारणाऱ्यांनो, ते इथे मिळणार नाही, रागावू नका.

ताई, दुकानात कॅटलॉग बघितला तेव्हा इतका गोड लव्हेंडर होता, आणि घरी लावल्यावर संध्याकाळी लाइट लावली की भिंत चक्क राखाडी दिसते. मिस्टर म्हणतात, पैसे देऊन सिमेंटचा रंग आणलास. दुकानदाराने दुसराच माल दिला का? खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. (डोंबिवली)

माल बहुतेक तोच असणार. रोलवरचा नंबर कॅटलॉगच्या नंबराशी जुळवून बघा म्हणजे शंका जाईल, पण त्याआधी स्टुलावर चढून बेडरूमचा बल्ब काढा आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. २७०० के किंवा ३००० के (के म्हणजे केल्विन) असं असेल तर राखाडीचं उत्तर तिथेच सापडलं. हा आकडा म्हणजे उजेडाचा रंग, वॅटशी त्याचा संबंध नाही. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, आणि पिवळ्या उजेडात निळा भाग फार कमी असतो. आता लव्हेंडर म्हणजे काय, तर भरपूर पांढऱ्यात थोडा निळा आणि थोडा लाल, त्यातला निळा दाखवायला उजेडातच निळा नाही म्हटल्यावर भिंत बिचारी काय दाखवणार, उरतो तो मळकट गुलाबी नाहीतर राखाडी. मोतिया किंवा पिस्ता रंगाचं असं होत नाही असं नाही, पण ते सहज खपून जातं, लव्हेंडर मात्र लगेच चुगली करतो. दुकानात बहुतेक पांढरे कडक दिवे असतात, ६५०० के वाले, त्यात हाच कागद निळसर आणि एकदम फ्रेश दिसतो. म्हणजे तुम्ही बघितला तो रंगही खरा आणि घरी दिसतोय तोही खराच.

वॉलपेपर काढायची काही गरज नाही. ४००० के चा बल्ब आणा, खोक्यावर नॅचरल व्हाइट किंवा न्यूट्रल व्हाइट लिहिलेलं असतं. आणि त्याच खोक्यावर सीआरआय नावाचा अजून एक आकडा शोधा, तो ९० किंवा जास्त असेल तर उत्तम. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात त्याचं माप, ते १०० पर्यंत जातं, आणि स्वस्तातल्या दिव्यांवर ते बरेचदा छापलेलंच नसतं, त्यावरून काय ते ओळखा. एकदम ६५०० के चा ट्यूबलाइट मात्र बेडरूममध्ये नको, भिंत छान दिसेल पण खोली दवाखान्यासारखी होईल.

दुसरं, पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतरचं ऊन आधीच पिवळं-केशरी, त्यात पडदे सोनेरी किंवा मस्टर्ड असतील तर ते ऊन अजून गाळून पिवळं करून आत सोडतात. पडद्याला आतून पांढरं अस्तर लावून घ्या, शिलाईवाल्या बाई एका दिवसात करून देतात. समोरच्या बिल्डिंगला पिवळा किंवा विटकरी रंग असला तर त्याचीही झाक आत येते, त्याला काही इलाज नाही, ती बिल्डिंग काही आपली नाही.

ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांनी हे वाचून शहाणं व्हा. कॅटलॉगमधला हातभर तुकडा बघून ठरवू नका, कॅटलॉग एक दिवस घरी मागून घ्या, बरेच दुकानदार डिपॉझिट ठेवून देतात. ज्या भिंतीला लावायचाय त्याच भिंतीला उभा टेकवा, शेजारी छपाईचा पांढरा कागद धरा, मग तुमचा लव्हेंडर निळ्याकडे झुकतोय, गुलाबीकडे की राखाडीकडे ते लगेच कळेल, नुसतं बघून कळत नाही. सकाळी बघा, दुपारी तीन-चारला बघा, रात्री दिवे लावून बघा. पश्चिमेच्या खोलीत निळ्याकडे झुकणारा आणि जरा गडद टिकतो, उत्तरेच्या खोलीत उजेड मुळातच थंड, निळसर, तिथे गुलाबीकडे झुकणारा घ्या नाहीतर खोली डिसेंबरात असल्यासारखी वाटते. आणि खिडकीबाहेर आंब्याचं मोठं झाड असेल तर सकाळी पानांचा हिरवा उजेड भिंतीवर पडतो आणि लव्हेंडर मळल्यासारखा दिसतो, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतेय.

मास्टर बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. खालच्या बाजूला थोडे पोपडे आलेत. वॉलपेपरवाला म्हणतो व्हायनल घ्या, वॉटरप्रूफ असतो, सगळं झाकून जाईल. लव्हेंडर फुलांचं डिझाइन पसंत केलंय, ॲडव्हान्स द्यायचा बाकी आहे. (ठाणे)

बाकी आहे ना, मग देऊच नका अजून. व्हायनल म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला वॉलपेपर, तो वॉटरप्रूफ असतो हे खरंय, आणि गोची तिथेच आहे. तो पुढून पाणी आत जाऊ देत नाही तसं मागून आलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. भिंतीतली ओल आत्ता निदान खोलीत सुकून तरी जातेय, व्हायनल लावला की ती त्याच्यामागे कोंडली जाणार, गोंद सुटणार, आणि आत काळी बुरशी धरणार जी तुम्हाला दिसणार नाही, फक्त वास येत राहील आणि तुम्ही कपाटातले कपडे उन्हात टाकत बसाल. शिवाय लव्हेंडरसारख्या फिक्या रंगावर ओलीचा तपकिरी डाग इतका उठून दिसतो की विचारू नका.

घरच्या घरी तपासायचं असेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फुटी चौकोन पोपड्यांच्या जरा वर, जिथे भिंत चांगली दिसतेय तिथे, चारही कडांनी टेपने पक्का चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. मग बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दमट झालं असेल तर ती खोलीतल्या हवेची. पावसाळ्यात दुसरं होतंच, पहिलं मात्र झालं की आधी प्लंबर, मग वॉलपेपर.

बाथरूमच्या बाजूने बघायचं काय, तर आधी नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं भोक, त्याच्या कडेचा सिमेंटचा सांधा सुटला की पाणी हळूहळू भिंतीच्या पायाशी मुरतं आणि पोपडे बरोबर खालच्या फूट-दीड फुटात येतात, तुम्ही लिहिलंय तसेच. मग टाइल्सच्या फटीतलं ग्राउट, मग कन्सील्ड, म्हणजे भिंतीत पुरलेल्या पाइपचे जॉइंट. पोपडे वरच्या बाजूला असते तर मी वरच्या मजल्यावरच्यांकडे बोट दाखवलं असतं, आणि मग सोसायटीची मीटिंग, पत्रं, ते सगळं महाभारत, त्यातून वाचलात.

दुरुस्ती झाली की लगेच कारागिराला बोलवू नका. खराब झालेला गिलावा खरवडून नवा केला असेल तर तो पूर्ण सुकायला निदान महिनाभर तरी द्या, दोन महिने दिले तर उत्तम, आणि प्लास्टिकची टेस्ट परत करा. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर, आणि मग कागद. मुंबई-ठाण्याकडे वॉलपेपर लावायला पाऊस गेल्यानंतरचा काळ चांगला, ऑक्टोबरच्या उन्हाने भिंती खडखडीत झाल्या की. आता कागद निवडताना व्हायनलऐवजी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या तंतूंचा, बघा, त्यातून हवा थोडीफार खेळते, आणि कधी काढायचा झाला तर अख्खी पट्टी सुटून येते. पण ओल्या भिंतीला तोसुद्धा तारणार नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर म्हणाल ताईंनी सांगितलं होतं.

भिंत १२ फूट रुंद, ९ फूट उंच. दुकानदार म्हणतो २ रोल, लावणारा म्हणतो ३. कोण खोटं बोलतंय? (नाशिक)

खोटं कुणीच नाही, दुकानदार चौरस फूट मोजतोय आणि लावणारा पट्ट्या मोजतोय. तुमची भिंत १०८ चौरस फूट, नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट, दोनाचे झाले ११४, हिशेब कागदावर बसला. पण भिंतीवर बसत नाही! १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्याला २१ ने भागलं तर पावणेसातच्या वर येतं, म्हणजे ७ पट्ट्या लागणार. वर-खाली कापायला दोन-दोन इंच धरले तर एक पट्टी ९ फूट ४ इंचाची, एका रोलमधून अशा तीनच निघतात, उरलेले पाच फूट कशातच जात नाहीत. दोन रोलच्या झाल्या सहा, सातवी आणणार कुठून? म्हणून ३.

आणि हे झालं प्लेन लव्हेंडरचं. मोठ्या फुलांचं डिझाइन असेल तर शेजारच्या पट्टीशी फूल जुळवावं लागतं, त्यात अजून जातो. समजा डिझाइन ३ फुटांनी रिपीट होतंय, तर ९ फूट ४ इंचाच्या पट्टीसाठी १२ फूट खर्च होतात, एका रोलमधून दोनच पट्ट्या, मग ७ पट्ट्यांना ४ रोल. हा रिपीट रोलच्या लेबलवर बाणांच्या चिन्हासोबत सेंटीमीटरमध्ये छापलेला असतो. एकच बाण आणि सोबत शून्य असेल तर जुळवायची भानगडच नाही. कोरियन रोल घेतलात तर तो जवळजवळ ४२ इंच रुंद आणि ५१ फूट लांब असतो, तुमच्या भिंतीला ४ पट्ट्या लागतील आणि एकात भागेल, फक्त एवढी रुंद पट्टी सरळ लावायला हात बसलेला माणूस पाहिजे.

सगळे रोल एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी छापलेले आहेत ना ते दुकानातच बघा. ही गोष्ट लव्हेंडरमध्ये जास्तच महत्त्वाची, वेगळ्या लॉटमध्ये किंचित गुलाबी-निळा फरक पडला तरी सांध्यावर उभी रेघ दिसते. नंतर एक रोल कमी पडला म्हणून आणायला जाल तर तोच लॉट मिळेलच असं नाही. उरलेला तुकडा फेकू नका, कपाटावर गुंडाळून ठेवा, उद्या इलेक्ट्रिशियन स्विचबोर्ड हलवतो तेव्हा उपयोगी पडतो.

सुनेला हॉलमध्ये लव्हेंडर वॉलपेपर पाहिजे. आमच्याकडे सागवानी शोकेस आहे, सासऱ्यांच्या वेळचा झोपाळा आहे, फरशी क्रीम कलरची. मला वाटतं अगदी विचित्र दिसेल, शिवाय जांभळा रंग हॉलमध्ये चांगला नसतो म्हणतात. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. (सांगली)

काकू, तुम्ही मला चांगलंच अडकवलंत. मी सांगितलं तर ती ऐकेल, आणि मग सणासुदीला तुम्ही दोघी मिळून माझ्या नावाने बोटं मोडाल.

चांगला-वाईट असतो का, त्यात मी पडत नाही, तुमचे गुरुजी वेगळं सांगतील आणि शेजारणीचे वेगळं. दिसण्याचं तेवढं सांगते. जुना सागवान पॉलिश केल्यावर पिवळट-तांबूस दिसतो, आणि पिवळा नि जांभळा हे रंगचक्रात एकमेकांच्या समोरचे रंग, शेजारी ठेवले की दोघंही उठून दिसतात. याचा फायदा पण होतो आणि तोटा पण. राखाडीकडे झुकणारा, धुवट लव्हेंडर असेल तर त्याच्यापुढे तुमचा झोपाळा असा काही खुलून दिसेल की येणारा प्रत्येकजण विचारेल. पण गडद, चमकदार, वांग्याच्या रंगाकडे जाणारा घेतला, त्यात सोनेरी शिमर, तर शोकेस केशरी दिसायला लागेल आणि तुम्हाला वाटतेय ती भीती खरी ठरेल. क्रीम फरशीचं काही नाही, फक्त छत आणि बाकीच्या भिंती शुभ्र पांढऱ्या करू नका, फरशी पिवळी पडल्यासारखी वाटते, ऑफव्हाइटच ठेवा.

म्हणून मधला मार्ग असा, चारही भिंतींना नको, झोपाळ्यामागची एकच भिंत करा. तिथे देवघर किंवा समई नाही ना ते बघा, उदबत्तीचा आणि वातीचा धूर फिक्या कागदावर वर्षभरात पिवळट पट्टा काढतो आणि तो पुसून जात नाही. झोपाळ्याच्या कड्या, पाट भिंतीला घासत असेल तर झोपाळाच दोन-चार इंच पुढे घ्यायला लागेल. सुनेला म्हणावं तुकडा आणून झोपाळ्यामागे टेकव, मग दोघी बसून चहा घेत बघा. माझं मत सुनेच्या बाजूने आहे, पण तिला लगेच सांगू नका.

माझा मुलगा अकरावीत आहे, त्याला स्वतःच्या खोलीत लव्हेंडर पाहिजे. घरात सगळे हसतात, मुलींचा रंग म्हणतात. मला काही प्रॉब्लेम नाही पण लोकांना काय सांगू? (अहिल्यानगर)

लोकांना पर्किनची गोष्ट सांगा. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, म्हणजे तुमच्या चिरंजीवांपेक्षा थोडासाच मोठा, सुट्टीत घरातल्या लॅबमध्ये मलेरियावरचं क्विनीन कृत्रिमरीत्या बनवायला बघत होता. क्विनीन झालं नाहीच, भांड्यात काळा गाळ उरला, तो धुताना जांभळा रंग सुटला आणि रेशमाला पक्का बसला. मॉव्ह म्हणून तो विकला गेला, त्याआधी चांगला पक्का जांभळा मिळवणं फार महागाचं काम होतं. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने लेकीच्या लग्नात मॉव्ह रंगाचा पोशाख घातला आणि मग सगळ्यांनाच तो पाहिजे झाला. त्याच इंग्लंडमध्ये सुतकाच्या शेवटच्या टप्प्यात काळा सोडून राखाडी नि लव्हेंडर कपडे घालायची पद्धत होती. एकाच वेळी लग्नाचाही आणि दुखवट्याचाही, आणि आपण बसलोय मुलींचा की मुलांचा करत.

खोलीचं म्हणाल तर अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत प्लेन आणि मॅट ठेवा, तिथे शिमर किंवा दाट डिझाइन असेल तर टेबललॅम्पची चमक डोळ्यावर येते. वॉलपेपर पलंगामागे लावा, बारीक रेघांचा किंवा लिननसारख्या पोताचा. सोबत गडद राखाडी चादरी, काळं मेटलचं शेल्फ. आणि पोस्टर चिकटवायला डबलटेप वापरायचा नाही हे आधीच कबूल करून घ्या, टेप काढताना कागदाचा वरचा थर सोबत येतो.

उन्हाळ्यात आम्ही कूलर लावतो. मागच्या वर्षी लावलेला लव्हेंडर वॉलपेपर एका बाजूने सांध्यावर उचकटलाय आणि खिडकीजवळचा भाग फिका पडलाय. (नागपूर)

दोन वेगवेगळी दुखणी आहेत. सांधे सुटले ते कूलरमुळे. एसी हवा कोरडी करतो, कूलर ओली करतो, आणि खिडकीतल्या कूलरचा झोत सरळ त्या भिंतीवर आदळत असणार. दिवसभर दमट, कूलर बंद केला की नागपूरच्या उन्हात खडखडीत कोरडं, असं रोजच्या रोज झालं की कागद फुगतो-आकसतो आणि आधी सांधा सुटतो. झोताची दिशा बदला, समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, कूलरला तसंही ते लागतंच, दमट हवा बाहेर गेली पाहिजे. सुटलेल्या सांध्यासाठी सीम ॲडहेसिव्ह मिळतो, बारीक ब्रशने आत सोडून कोऱ्या सुती फडक्याने दाबायचा, बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या स्पंजने टिपायचा. फेविकॉल नको, सुकल्यावर त्याची चमक राहते.

फिका पडला तो उन्हाने, आणि तो परत येणार नाही. पुढच्या वेळी लेबलवर सूर्याचं चिन्ह बघा, अर्धा सूर्य म्हणजे रंग बेताचा टिकणार, पूर्ण सूर्य म्हणजे चांगला, सोबत अधिकचं चिन्ह असेल तर अजून चांगला. विदर्भातल्या उन्हात खिडकीसमोरच्या भिंतीला मी तरी लव्हेंडर लावणारच नाही, खिडकीच्याच भिंतीला किंवा आडबाजूच्या भिंतीला लावेन. आत्तापुरतं फिक्या भागासमोर उंच झाड ठेवा नाहीतर पडदा जरा मोठा घ्या.

हिंजवडीत भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. ऑनलाइन लव्हेंडर सेल्फ-ॲडेसिव्ह शीट मिळतात, काढताना डिपॉझिट जाईल का? (पुणे)

शीटमुळे डिपॉझिट जात नाही, तिच्यामागचा रंग निघाला तर जातं. घरमालकाने भाडेकरू बदलताना घाईत एक हात डिस्टेंपर मारला असेल, आणि बहुतेक तेच असतं, तर शीट काढताना रंगाचे पापुद्रे सोबत येणार. चाचणी सोपी, भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरी पावडर लागली तर विषय सोडा, शीट एकतर महिनाभरात आपणहून गळून पडेल किंवा रंग घेऊन येईल. ॲक्रिलिक इमल्शन असेल आणि वर्ष उलटलं असेल तर कपाटामागे वीतभर तुकडा लावून आठवड्याने काढून बघा. काढताना कोपऱ्यापासून सुरू करून हेअरड्रायरने कोमट करत करत, शीट भिंतीला समांतर मागे दुमडून हळू ओढायची, आपल्याकडे सरळ खेचायची नाही.

त्यापेक्षा मला आवडणारी गोष्ट म्हणजे भिंतीला न लावणं. सहा-आठ एमएम प्लायचे दोन-तीन उभे तुकडे सुताराकडून कापून घ्या, त्याला लव्हेंडर कागद चिकटवा आणि पलंगामागे टेकवून ठेवा, वर एखादा खिळा लागलाच तर मालकाला विचारून. शिफ्टिंगच्या वेळी टेंपोत टाकायचं नि जायचं. किंवा कपाटाच्या दारांना आतून लावा, उघडलं की छान वाटतं, आणि मालकाला कळतही नाही. हे शेवटचं मी बोलले नाही.

आमचं जुनं घर जांभ्या दगडाचं, भिंतींना चुन्याचा गिलावा. माजघराला वॉलपेपर लावता येईल का? (रत्नागिरी)

नको. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, कोकणातल्या पावसात तिचं जगणंच त्यावर आहे, तिचं तोंड बांधू नका. लव्हेंडरच पाहिजे तर चुन्यातच निळा आणि थोडा लाल रंग कालवून हात मारता येतो, ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर बराच फिका होतो, म्हणून आधी कोपऱ्यात नमुना सुकवून बघा. चुन्यात टिकणारे रंग वेगळे असतात, साधे कपड्याचे किंवा खाण्याचे रंग चुन्याने उडून जातात, दुकानात चुन्यासाठीच मागा.

एडिसनला जुनं घर घेतलंय, बेडरूममध्ये आधीच्या लोकांचा फुलाफुलांचा वॉलपेपर आहे. त्याच्यावरच लव्हेंडर लावला तर चालेल का? आईला इंडियाहून रोल आणायला सांगितलेत. (न्यू जर्सी)

आईच्या बॅगेत रोलऐवजी चकल्या-अनारसे येऊ देत, तिकडे मिळतात की रोल! पण तिकडे एक गंमत असते, किंमत बरेचदा सिंगल रोलची लिहितात आणि विकतात डबल रोल, हिशेब करताना गोंधळ होतो. नीट वाचून ऑर्डर करा.

वरूनच लावू नका. जुन्या गोंदाला नवीन गोंदाचं पाणी लागलं की तो सैल होतो आणि दोन्ही कागद मिळून खाली येतात, शिवाय जुनी गडद फुलं फिक्या लव्हेंडरमधून दिसतात. काढायलाच हवा. तुमच्याकडच्या भिंती बहुधा ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समवर कागद. आधीच्यांनी प्राइमर न मारता वॉलपेपर लावला असेल तर काढताना भिंतीचाच कागद सोलून निघतो, म्हणून वरचा थर आधी कोरडा सोलायचा, मग कोमट पाणी फवारून थांबायचं, घाई करायची नाही, स्टीमर वापरलात तर एका जागी धरून ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर १९७८ च्या आधीचं असेल तर खालच्या रंगात शिसं असू शकतं, त्या वर्षी अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला बंदी आली. अशा घरात कोरडं घासून धूळ उडवू नका, आधी टेस्ट करून घ्या, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

मुलगी सहा वर्षांची, युनिकॉर्नवाला लव्हेंडर पाहिजे म्हणून हट्ट. ती भिंतीवर क्रेयॉनने लिहिते. आणि त्याच भिंतीसमोर आमचा गणपती बसतो, डेकोरेशन कसं करायचं? (कोल्हापूर)

युनिकॉर्न दोन वर्षांत नको होणार हे तुम्हालाही माहितेय. चारी भिंती प्लेन लव्हेंडर रंगवा, युनिकॉर्न फक्त एका भिंतीला किंवा स्टिकर म्हणून. लेबलवर लाटांचं चिन्ह असतं, एक लाट म्हणजे ओल्या स्पंजने नुसतं टिपा, दोन म्हणजे धुता येतो, तीन म्हणजे चांगलाच. तुमच्याकडे तीन लाटा पाहिजेत. क्रेयॉनला आधी स्पंज आणि भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी, थिनर बिलकूल नको, तो रंगही काढतो. तिची लिहायची हौस भागवायला खालचे तीन फूट सरळ ब्लॅकबोर्ड पेंट करा, वर लव्हेंडर, मध्ये लाकडी पट्टी, दिसतं पण छान.

गणपतीचं सोपं आहे. भिंतीला काहीही चिकटवायचं नाही, ना टेप, ना पिना. दोन्ही बाजूला उभे पाइप किंवा बांबूचं मखर, मागे कापडाचा पडदा, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. लव्हेंडरसमोर झेंडूची पिवळी-केशरी तोरणं काय दिसतात ते बघाच, वेगळं डेकोरेशन फारसं लागणार नाही. फक्त निरांजन आणि आरतीचं ताट मखराच्या पुढे राहू दे, कापराची काजळी भिंतीला लागली तर तीन लाटासुद्धा काही करू शकत नाहीत.